चाळीस कट्टे

नायनांच्या नखांत निळा आहे,
लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतो.
अशोक चौकामागच्या डायहाऊसात
एकोणतीस वर्षं लडी पिळून
त्यांनी एकच शब्द कमावला : पक्का.
चादर फाटेल, धुणारी थकेल,
रंग हलणार नाही.

आणि मी, इंदुमती इस्तारी येमूल,
केगावच्या प्रयोगशाळेत
असा रंग करते, जो सांगितलं की जातो.

घरी कसं समजावायचं?
काचेवर जांभळा थर, केसाहून कितीतरी पातळ,
दीड व्होल्ट दिला की विरतो,
उलटा दिला की परत येतो.
उद्या खिडकीला लावला तर
दुपारी काच आपणहून सावली धरेल.
"म्हणजे कच्चा," नायना म्हणाले
आणि आमटी वाढून घेतली.

अम्मानं मात्र विचारलं, किती वेळा?
तिला आकडा लागतो.
मांडीवर सूप, तेंदूची पानं, कात्री,
पंचवीस विड्यांचा कट्टा,
चाळीस कट्टे झाले की दिवस.
म्हटलं, हजार वेळा जाऊन यायला हवा, न थकता.
"मग माझ्याएवढंच की."

पहिला थर दोनशे बाराव्या फेरीला बसला.
कडेला पिवळट डाग,
चहा सांडल्यासारखा,
जाईना, बदलेना.
सर म्हणाले, रेणू बदल.
रेणू बदलायला पाच आठवडे,
शुद्ध करायला तीन,
बाहेर त्रेचाळीस अंश
आणि एसी फक्त यंत्राला.
अम्मा डाग बघून म्हणाली, छाट.
कारखान्यातला मोजणारा म्हणतो तसंच,
मान वर न करता.

एका रविवारी डबा घेऊन डायहाऊसात गेले.
हौदातून लड वर आली हिरवट पिवळी,
हवा लागली आणि निळी होत गेली.
इलेक्ट्रॉन घेणं, इलेक्ट्रॉन देणं.
हायड्रोच्या त्या उग्र वासात
नायनांचा पक्का निळा
आधी स्वतःला विसरतो,
मग सुतात शिरतो.
हे मी त्यांना बोलले नाही.

नवा पोरगा लडीला गाठ आवळत होता.
नायना तेलुगूत ओरडले, मग मराठीत :
"सैल बांध रे!
आवळलीस तर आत पाणी कुठनं जाईल?
मध्ये पांढरं राहतंय."
बसच्या तिकिटामागे मी लिहिलं : सैल.

रेणूला दोन्ही अंगांनी लांब शेपट्या जोडल्या.
साखळ्या एकमेकींपासून जरा सरकल्या,
मध्ये बोळ पडले,
आयन ये-जा करू लागले
साखर पेठेतल्या सायकलींसारखे, न धडकता.
यंत्र फेऱ्या मोजायचं, मी कट्टे.
सव्वीसाव्या कट्ट्याला वीज गेली.
पडदा काळा, पंखा थांबला, कुणीतरी शिवी दिली.
काच मात्र जांभळीच,
तासभर, कुणाच्याही आधाराशिवाय.
तिच्याजवळ स्टूल ओढून बसून राहिले.

चाळीसावा कट्टा बुधवारी भरला.
अगदी निर्मळ नाही, कोपऱ्यात किंचित धूर आहे.
अहवालात तो धूर लिहिलाय.

काच घरी आणली, पत्र्याच्या खिडकीत टेकवली,
घड्याळातला सेल काढून तारा जोडल्या.
अम्माच्या सुपावरचं ऊन
हळूहळू मवाळ झालं.
नायनांनी नखानं काच टिचकावली,
वाकून पलीकडून पाहिलं,
बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पुरे गं," अम्मा म्हणाली,
"पानाची शीर दिसेना मला."
मी तारा उलट्या लावल्या.