हरिपूर, पेवाजवळ

आधी कंदील सोडला आत. विझला नाही,
मग इरगोंडा उतरला
कमरेपर्यंत.
"आठ सेकंद हलू नका," मी म्हणालो.
"आन् श्वास?"
"तोही."

त्यानं घेतलाच.

प्रिंटमध्ये पेवाचं तोंड लख्ख,
कडेची गवताची काडीसुद्धा;
फक्त छाती
ओल्या फडक्यानं पुसत आणल्यासारखी.

दिवाळीनंतर फोटो द्यायला गेलो.
इरगोंडा नव्हता.
आक्काताईनं प्रिंट खिडकीशी धरली.
"अंगाला ही राख कसली?"
हळद आहे, म्हणालो.
पिवळं यात उमटत नाही.

पोत्यांच्या थप्पीवरून मांजर उतरलं, निघून गेलं.

मग तिनं त्या पुसट जागेवर
बोट टेकवलं, उचललं नाही.
"हितं हाललेत न्हवं," म्हणाली,
"तेवढंच ह्येंचं."