कांदा, लसूण आणि शेवटची फेरी

चातुर्मासात आमच्या घरात कांदा शिरत नाही,
लसूणही नाही. सासूबाईंचा नियम.
म्हणून रायबंदरच्या धक्क्यावर
रुझार बोलायला लागला तेव्हा मला हसूच आलं:
एक वाट कांद्याची, एक लसणीची,
तुला कुठली हवी, बाय?

रुझार आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर दुरुस्त करतो.
मी भूमापनात. कालपर्यंत नकाशावर असलेलं खाजन
आज कुठल्या रबराने पुसलं,
ते माझ्या टेबलावरून दिसतं.

व्हीपीएन म्हणजे पायलट, तो म्हणाला.
हेल्मेट घालून मागे बसलीस की रस्ता ओळखत नाही तुला.
पायलट मात्र ओळखतो,
कुठून उचलली, कुठे सोडली.
त्याच्या पेट्रोलचे पैसे कोण देतं, विचारलंस?

टोर म्हणजे कांदा. तीन नावाडी.
पहिल्याला तुझं घर ठाऊक,
तिसऱ्याला ते दार,
मधल्याला दोन्ही काठांवर नुसता चिखल.
पण शेवटचं साल निघाल्यावर
आतली चिठ्ठी उघडी असली, तर तिसरा वाचतो हं.

आणि लसूण?
तुझी पाकळी, चार अनोळखी पाकळ्या, एकच गड्डा.
निरोप जातो एका खाडीने, उत्तर येतं दुसऱ्या.
तिथे प्रत्येक उतारूने वल्हं मारायचं.
बाहेरच्या शहरात उघडणारी दारं मात्र
बोटावर मोजण्याइतकी.

मिक्सनेटचंही काही सांगत होता,
पोदेराच्या टोपलीसारखं, पोय न् उंडे सगळे ढवळून,
काही पाव तर खोटेच,
टोपली भरेपर्यंत सायकल हलायची नाही.
तेवढ्यात बोट आली.

रात्रीची शेवटची फेरी, दिवाडीला.
बोटीत मी एकटी.
दोर सोडता सोडता खलाशी म्हणाला,
आज उशीर झाला?
सकाळी दूध घालणाऱ्या फिलुमेनानेही तेच विचारलं.

तीन सोडा, तीस नावाडी ठेवा.
बोटीत एकच बाई असेल
तर नदीलाही तिचं नाव कळतं.
लपायला माणसं लागतात,
आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे
लपवायला काही नसावं लागतं.

म्हणून आता आवक-जावकवाली सुलक्षा
क्रोशाचे नमुने त्याच वाटेने मागवते.
निवृत्त वाघुर्मेकर मास्तर लिस्बनचं हवामान बघतात,
कारण नसताना, रोज.
मी रात्री नऊ दहाला खतखत्याची कृती शोधते.
कांद्याच्या वाटेने, बिनकांद्याचं खतखतं.
तेफळं किती, आमसुलं कधी,
अंबाडे नसले तर काय.

अशा एकाहत्तर रात्री.
त्यातल्या एकीला
आमसुलांच्या मागोमाग
एक नकाशाही गेला असेल.
कुठली रात्र, ते मलाही
आठवायचं नाही.

काल ताटं मांडताना सासूबाई थबकल्या.
माझा हात नाकाशी नेला, हुंगला,
आणि म्हणाल्या, परत धू.