थंड असताना मोज

एस्पान्योलात हिवाळा येतो तो आधी टायरमध्ये.
डोंगरावर बर्फ दिसायला अजून आठवडा असतो,
पण पारा दहा अंश उतरला की एक पौंड हवा कमी.
कुठे जाते, विचारलं मी लहानपणी,
तर एउफेमिओ मामा म्हणाला,
कुठेच जात नाही, सेनाइदा,
आतच अंग चोरून बसते.

म्हणून पहाटे. गाडी जागी व्हायच्या आधी.
चार मैल पळाला, ऊन लागलं,
की टायर फुशारक्या मारायला लागतो:
अडतीस म्हणेल, असेल बत्तीस.
थंड असताना मोज. माणूससुद्धा.
हे शेवटचं तो माझ्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल बोलला होता.
मी ऐकलं नाही.

अठ्ठ्याहत्तर सालची मोंटे कार्लो,
रंग वाळत घातलेल्या मिरचीचा,
आणि जमिनीला इतकी टेकलेली
की शेजारचं मांजर तिच्याखाली शिरतं
ते पोट आत ओढून.
चाकं तारांची, तेरा इंची, टायर अरुंद, पांढऱ्या रेघेचे:
एवढ्या थोरल्या बाईच्या पायांत बाहुलीचे बूट.
डिकीत सहा बॅटऱ्या, दोन पंप,
म्हणून मागच्यांना तीन पौंड जास्त.

उंच गाडीची हवा गेली तर ती लंगडते.
ही खरवडते.
फेंडरची कड रबरात दात रोवते,
आतली बाजू, वाकून कुणी बघत नाही ती,
गुपचूप झिजत राहते,
आणि चर्चसमोरच्या गतिरोधकावर
खर्रर्र
रविवारच्या कपड्यांतल्या सगळ्या गावाला कळतं
कुणाच्या घरात आळस शिरलाय.

यंदा मामा खुर्चीत.
तरुणपणी सात वर्षं ग्रँट्सच्या युरेनियम खाणीत.
पगार तेव्हाच मिळाला, त्यातूनच ही गाडी;
दमाचे हप्ते आता कापले जातात.
नाकात नळी, शेजारी दोन चाकांच्या गाड्यावर
हिरवं सिलिंडर, ब्लँकेटात गुंडाळलेलं.
आत बस म्हटलं तर ऐकत नाही.
तू मोजणार आणि मी आत बसणार, म्हणतो.

मी खडीवर गुडघे टेकून.
पुढचा उजवा, तीस.
पुढचा डावा, साडेएकोणतीस.
मीटर टेकवला की थोडं फुस्स होतंच,
मोजायचेही हवेतच पैसे.
"अंगठा सरळ दाब," मागून आवाज.
"भीत भीत मोजलंस की दुप्पट जाते."

मागचा डावा सत्तावीस. नेहमीचा.
तारांच्या मुळाशी कुठेतरी झिरपतो.
साबणाचं पाणी लावलं तर एकच बुडबुडा:
येतो, थांबतो,
मिनिटभर विचार करतो,
मग मोठा होतो.
बदलू या का हा, मी विचारलं.
"इतक्या हळू जाणाऱ्याला काय बदलायचं?
रोज विचारपूस कर. पुरे."

कॉम्प्रेसर खोकत सुरू झाला.
बत्तीस, बत्तीस, पस्तीस, पस्तीस.
गाडी केसभर वर आली,
बघणाऱ्याला कळलं नसतं, मांजराला कळलं.
झाकणं घट्ट केली, बोटं काखेत घातली.

"आणि पाचवं?"
मला आधी समजलंच नाही.
मग ब्लँकेट सारलं, तबकडीवरचं दव पुसलं.
काटा नऊशेवर.
काल संध्याकाळी सोळाशे होता.

बाराशे, मी म्हणाले.

मामा हसला, हसताना खोकला,
खोकला सरेपर्यंत मी त्याची टोपी नीट करत राहिले.
"तू तापलीयेस," तो म्हणाला.
"उद्या सकाळी मोज."