विरजण

आमच्या बेटावर माती नाही.
पायाखाली आहे ते पोवळ्यांचं पीठ,
पांढरं, दुपारी डोळ्यांवर येणारं.
मूठभर घेतलं तरी मूठ रिकामीच वाटते.
माराकेईवर माती करावी लागते.

आईची माती घरामागे, केवड्यांच्या आड,
माडाच्या ओंडक्यांच्या चौकटीत.
वर भोपळा आणि चिनी कोबी,
खाली दोन हातांवर गोडं पाणी,
खाऱ्यावर सायीसारखं तरंगणारं.

त्यात ती घालायची
नीरफणसाची पानं, पिवळी होऊन आपसूक गळलेली,
माशांचे काटे,
डुकरांच्या खुराड्यातला गाळ.
राख कधीच नाही.
राखेनं पोवळं आणखी पोवळं होतं, म्हणायची.
आणि गंजके डबे:
बीफचे, बांगड्यांचे,
एकदा बाऊरोच्या सायकलची अख्खी साखळी.
(तो आठवडाभर बोलला नाही.)
पानं फिकी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या,
की समजावं मातीला लोखंड हवंय,
बाळंतिणीला हवं असतं तसं.

लग्न होऊन आली तेव्हा होडीत
तिच्या मांडीवर झाकलेली टोपली होती.
सासरच्या बायका चटया असतील म्हणून पुढे झाल्या.
निघाली काळी माती, तिच्या आईच्या खड्ड्यातली.
कालच्या माडीचा घोट ठेवतात ना भांड्यात,
आजची आंबायला,
तसं विरजण.

अजून एक पान होतं.
ते ती रात्री आणायची, पदरात झाकल्यासारखं,
काखेत दाबून.
कुठलं, ते चुलत्यांना माहीत नाही,
मलाही नाही.
एकदा विचारलं, तर म्हणाली,
तू जाणार आहेस.

मग त्या फेब्रुवारीत भरती आली.
लाट वगैरे काही नाही.
पाणी खालून आलं, मांजराच्या पावलांनी,
आणि सकाळी भोपळ्याच्या पानांच्या कडा
विडीनं चटके दिल्यासारख्या.
आईनं चौकट उपसली.
सगळी माती चटयांवर पसरली
आणि पावसाची वाट पाहिली.
प्रत्येक सरीनंतर
चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकायची.
अजून आहे.
अजून आहे.
अकराव्या आठवड्यात थुंकली नाही.

ऑकलंडला ती आली माझ्या बाळंतपणाला.
विमानतळावर हातमोजे घातलेला एक पोरगा,
फार नम्र,
तिच्या चपला मागून घेऊन गेला.
नळाखाली धरून ब्रशनं तळवे घासले,
खाचाखाचांतून,
कागदानं पुसून परत दिल्या.
मोरीत काळं पाणी गोल गोल फिरून गेलं.
आई पाहत होती.
'एकोणीस वर्षं,' म्हणाली.
काय म्हणतात त्या, पोरानं विचारलं.
थँक यू म्हणतात, मी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी दुकानातून माती आणली,
चाळीस लिटरची पिशवी, दोन घेतल्या तर स्वस्त.
तिनं कात्रीनं कोपरा कापला,
नाक आत घातलं,
बराच वेळ तसंच ठेवलं.
चांगली आहे, म्हणाली. कुणी केली?
मला सांगता येईना.
कारखान्यात होते, म्हटलं. कुणी असं नाही.
तिनं पिशवी उलटीपालटी केली,
वाकून बारीक अक्षरं पाहिली.
तिला इंग्रजी वाचता येत नाही,
नाव मात्र कुठल्याही भाषेत
नावासारखं दिसेल असं वाटलं असावं.

संध्याकाळी बाळ झोपल्यावर
मागच्या अंगणात खणण्याचा आवाज आला.
कोबीच्या रोपांमध्ये गुडघ्यांवर बसून
ती दुपारचा बांगड्यांचा डबा पुरत होती.
अगं, इथल्या मातीला लोखंड कमी नाही.
असू दे, म्हणाली,
आणि वरून हात फिरवला.
उठताना माझ्या खांद्याला धरलं.
दुसऱ्या हाताच्या मुठीत
काहीतरी हिरवं होतं.
मी मान वळवली.