उजवीकडून

चावडीच्या पडवीत मदरसा भरायचा.
निवृत्ती जायचा, मी नाही.
दुपारी त्याची भाकर घेऊन जायची,
कडेवर धाकटा,
आणि खिडकीशी जरा जास्तच थांबायची.

सोमवारी प्रत्येक पोरानं एक टोपलं शेण आणायचं, सारवायला.
निवृत्तीचं टोपलं मीच भरायची
कयाधूच्या उतरणीवर, गुरांच्या मागं मागं.
म्हणजे शाळेतली चार हात भुई
माझीच होती म्हणा.

वली मास्तर हिंगोलीचे. तोंडात पान.
निंबाची छडी हवेतच फिरायची जास्त.
लाकडी तख्तीला पांढरी माती,
तीवर बोरूनं काढलेला अलिफ उभा, बे आडवी,
सगळी ओळ उजवीकडून निघून डावीकडं थांबायची,
तासावर गेलेल्या बैलागत,
फक्त माघारी वळायची नाही.
मोहतमिम साहेब तपासणीला आले
की पोरं 'जी हाँ' म्हणायची.
एकदा निवृत्तीच्या तोंडून 'व्हय' निसटलं,
दिवसभर अंगठे धरून उभा.

भादव्यात राज्य बदललं.
पाच महिने पडवीत शेळ्या बसल्या.
वली मास्तर कुठं गेले, कुणी मोठ्यानं विचारलं नाही.
माघी पुनवेनंतर आले,
वाळलेले, पान सुटलेलं,
काखेत मराठीचं पहिलं पुस्तक.

रात्री कंदिलाशी स्वतः शिकायचे, सकाळी शिकवायचे.
चौथीतला निवृत्ती पुन्हा 'अ'पाशी.
एके दिवशी मास्तर 'ळ'वर अडले.
बाभल, म्हणाले. पोरं हसली.
पुन्हा बाभल.
मग खिडकीकडं बघून म्हणाले, तू म्हण गं.
मी म्हणलं, बाभळ.
मास्तरांनी चष्मा पुसला.
आत ये, म्हणाले.
याला कुठं ठेवू, मी विचारलं.
त्यालाही घेऊन ये.

धाकटा मांडीवर, निवृत्ती शेजारी,
दोघांचीही पाटी कोरी.
त्या वर्षी मी त्याच्या पुढं होते
चार-सहा अक्षरांनी. त्यानं ते कधी कबूल केलं नाही.

तख्तीचं आईनं पिठाच्या माठावर झाकण केलं.

निवृत्ती पुढं सोसायटीचा चेअरमन झाला.
सही मराठीत, ठळक.
पण सहीखालची रेघ
मरेस्तोवर उजवीकडूनच ओढायचा,
आणि वर बघायचा,
कुणी पाहिलं का.