उठताना किती खातं

खोकं एवढंसं. आईच्या पोळ्यांच्या डब्याहून
जेमतेम चार बोटं उंच.
भांडुपला, अकराव्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत
मशीनच्या वाट्याला आलेली जागा तेवढीच:
देव्हाऱ्याखालची फळी,
जिथे आधी इस्त्री असायची.

बाकी सगळं घेऊन झालं होतं.
कार्ड बोनसमधून.
प्रोसेसर बोरिवलीच्या एका मुलाकडून, वापरलेला;
त्यानं तो रुमालात गुंडाळून दिला,
दुधाचा दात द्यावा तसा.
उरला होता पॉवर सप्लाय,
ज्याचा कुणी फोटो काढत नाही.

लॅमिंग्टन रोडवर छेडाशेठनी दोन डबे पुढे सरकवले.
साडेचारशे वॅट. साडेआठशे वॅट.
"छोट्या मशीनला छोटा. नायतर हा घे, डोळे मिटून."
मी डोळे उघडे ठेवून बिलाच्या पाठीवर बेरीज केली.
कार्ड दोनशेवीस, प्रोसेसर एकशेचाळीस,
पंखे, डिस्क, बोर्ड मिळून पन्नास.
चारशेदहा.
म्हणजे साडेचारशेत बसतं, वर चाळीस उरतात.
आमच्याकडे महिनाअखेरीला चाळीस उरले
तर आई त्याला शिल्लक म्हणते.

हरेश्वरमामा तोवर गप्प होता.
एकतीस वर्षं लिफ्टची कामं केलेला माणूस,
कुठेही शिरला की आधी छताकडे बघतो.
छोटा डबा त्यानं हातात तोलला,
पापलेट तोलतात तसा,
आणि विचारलं, "उठताना किती खातं?"

"काय, उठताना?"

"लिफ्ट एकदा चालू लागली की गरीब.
उठताना मात्र तिप्पट ओढते, क्षणभर.
तो क्षण ज्यानं हिशेबात धरला नाही
त्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये."

कार्डही तसंच.
खेळात भिंत फुटते, धूर, ठिणग्या, चहूकडून माणसं,
आणि पापणी लवेपर्यंत ते दुप्पट मागून बसतं.
नाही मिळालं तर कुरकुर नाही, इशारा नाही.
पडदा काळा.
पुन्हा चालू करा, सगळं ठीक,
जसं काही झालंच नाही.

मामी गेली त्या वर्षी मामा एकही दिवस
कामावर उशिरा गेला नाही.
मग श्रावणातल्या एका दुपारी
मोटाररूमच्या पायरीवर बसला तो बसलाच,
हाका मारल्या तरी मान वळेना.
दिवेलागणीला उठला, पँट झाडली,
"चहा कुणी घेतला का?" म्हणाला.

शेठनी शिडी लावली.
वरच्या फळीवरून साडेसहाशेचा आला, बुटका, जड,
तारा वेगळ्या, लागतील तेवढ्याच जोडायच्या.
"आणि तो साडेआठशेचा?" मी विचारलं.
"लांब आहे. त्याच्या तारा कुठे कोंबशील, तोंडात?"

नऊ हजार चारशे. माझ्याकडे साडेसात.
मामानं पैशाची गोष्टच काढली नाही.
"तुमच्या जिन्यातली लिफ्ट
दुसऱ्या मजल्यावर दचकते," म्हणाला.
शेठ म्हणाले, दोन वर्षं दचकतेय.
मामानं माझ्याकडे पिशवी दिली, बाह्या दुमडल्या.
चाळीस मिनिटं मी दारात उभी,
आत जाळीचं दार उघडत होतं, मिटत होतं.
परत आला तेव्हा बोटं काळी, गुडघा धरलेला.
शेठनी साडेसात घेतले
आणि वर एक एक्स्टेन्शन बोर्ड दिला.
तो मामानं घरी येऊन टेस्टरनं तपासला. अर्थिंग नव्हतं.
"फुकटचं असंच," म्हणत खिडकीत ठेवून दिला.

रात्रीचा एक. आई दोन हातांवर झोपलेली.
भार कमी असला की सप्लायचा पंखा फिरतच नाही;
अशी शांतता विकत मिळते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
आई कूस बदलते.
"बंद केलंस ना गं?"
"हो," म्हणते मी,
आवाज शून्यावर नेते,
आणि किल्ल्याचं दार ढकलते.