मोकळं म्हटलेलं पान

सराफ्यात साडेआठला शटरं पडतात
आणि त्याच ओट्यांवर कढया चढतात.
दिवसा जिथे रतीरतीचा हिशोब
तिथे रात्री भुट्ट्याचा कीस, गराडू, जलेबा.
जागा एक, धनी दोन,
आणि सगळी भिस्त मधल्या अर्ध्या तासावर.

मी वर, तिसऱ्या मजल्यावर, खिडकी लावून
(तुपाचा वास तरी येतोच)
कर्नलच्या आत तसलाच एक अर्धा तास शोधत होते.
तिथे तो डोळ्याच्या पापणीपेक्षा कितीतरी लहान.

कर्नल म्हणजे काय, बाबांनी विचारलं तेव्हा
म्हटलं होतं, मुनीम.
प्रत्येक दुकानदाराला वाटतं अख्खी गल्ली आपली,
मुनीम वहीत बघून ठरवतो
कोणाचं पान कुठल्या खणात.
खणाचा खरा नंबर दुकानदाराला कळत नाही कधी.
"मग मुनीम नेक हवा," बाबा म्हणाले.
अडतीस वर्षं ते स्वतः दुसऱ्याच्या पेढीवर तेच.

गडबड अशी होती:
एकाने पान सोडलं. वहीत काट मारली गेली,
खण मोकळा म्हणून पुकारा झाला,
दुसऱ्याला देऊनही टाकला,
आणि मग
शेजारच्या कोअरला निरोप, की जुना पत्ता विसर.
मग.
त्या एका "मग"मध्ये
जुना माणूस नव्याच्या खणात हात घालू शकत होता,
कुलूप न तोडता, चोरी आहे हेही न कळता,
कारण त्याच्या लेखी खण अजून त्याचाच.

नऊ रात्री चाचणी चालवली. काही नाही.
दहाव्या रात्री, पावणेतीनला,
मी सोडून दिलेल्या पानावर
मी न लिहिलेली अक्षरं उमटली:
दुसऱ्या प्रोसेसचा पासवर्ड.
तोही मीच ठेवलेला, खोटा, शिकंजी बेचाळीस.
तरी काटा आला.
आपल्याच घरात चोरपावलांनी शिरावं
आणि आत आपणच झोपलेलो दिसावं, तसा.

खाली कढया उतरल्या होत्या.
गफूर न्यारिया ओट्यांच्या फटींतली माती
कुंचल्याने पाटीत ओढत होता.
दुकानं झाडून गेलेली असतात, तरी तो येतो.
आमच्या घरात त्याला झारेकरी म्हणतात.
सोडलेल्या जागेत काय उरतं
हे मला शिकायला पगार मिळतो, त्याला सोनं. कधीकधी.

सकाळी बाबांना सांगितलं.
ते गप्प राहिले. उठून आतल्या खणातून
पितळी किल्ली घेऊन आले.
"पेढी विकून चौदा महिने झाले.
रोकड दिली, वह्या दिल्या, सही झाली.
ही कोणी मागितलीच नाही."
चष्मा पुसला. पुसलेला परत पुसला.
"दिवाळीत एकदा लावून पाहिली. फिरली."
उघडलंत?
"छे. फिरते का, एवढंच बघितलं."

माझ्या अहवालातलं पहिलं वाक्य
जवळजवळ हेच होतं.

दुरुस्तीत नवीन ओळ एकही नाही.
एक जुनी उचलून चार ओळी वर ठेवली:
आधी सगळ्यांना कळव,
सगळ्यांचं "कळलं" येईतो थांब,
नंतर पान मोकळं म्हण.
हेरंब मुजुमदार बंगळूरहून कुरकुरला,
दोन टक्के वेग गेला.
जाऊ दे, म्हटलं.

संध्याकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून खाली गेले.
मी खिडकी उघडली.
नवा मालक माझ्याच वयाचा,
किल्ली तळहातावर घेऊन गोंधळलेला.
बाबांनी कुलूप एकदा उघडून, एकदा लावून दाखवलं,
मग किल्लीवरची त्याची बोटं मिटली.

ओट्याच्या कोपऱ्यात कढईवाला ओंकार
विझलेल्या भट्टीपाशी कधीचा उभा.
बाबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली.
तेव्हा कुठे त्याने काडी ओढली.